वीस रुपयांसाठी बावीस वर्षे

डिसेंबर १९९९. मथुरा छावणी स्थानकाच्या तिकीट खिडकीवर एका वकिलांनी मुरादाबादची दोन तिकिटे मागितली. एका तिकिटाचे ३५ रुपये, म्हणजे दोन्हींचे ७०. त्यांनी शंभराची नोट दिली, परत आले दहाच. वीस रुपये जास्त घेतल्याचे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले, पण ते काही परत मिळाले नाहीत. त्यांनी ग्राहक मंचात तक्रार गुदरली. आपल्याविरुद्धची तक्रार ऐकण्याचा या मंचाला अधिकारच नाही, इथपासून रेल्वेने वाद घातला. शंभराहून अधिक तारखा पडल्या. निकाल लागला ऑगस्ट २०२२ मध्ये: वीस रुपये १२ टक्के व्याजासह परत करा आणि वर १५ हजार रुपये द्या.

ही बातमी अनेकांनी एक गमतीदार किस्सा म्हणून वाचली आणि सोडून दिली. वास्तविक, भारतातल्या ग्राहक कायद्याची थोरवी आणि त्याची लाज, दोन्ही या एका प्रकरणात दिसतात. वीस रुपयांसाठीही माणसाला रेल्वेसारख्या अवाढव्य यंत्रणेला जाब विचारता येतो, ही थोरवी. त्यासाठी बावीस वर्षे खेटे घालावे लागतात, ही लाज.

‘पाच-दहा रुपयांसाठी कोण भांडत बसणार?’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. बाजारातली बरीचशी फसवणूक याच वाक्याच्या जोरावर चालते. दुधाच्या पिशवीवर किंवा थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा एक-दोन रुपये ‘थंड करण्याचे’ म्हणून घेणारा दुकानदार रोज शेकडो गिऱ्हाइकांकडून ते घेत असतो. प्रत्येक गिऱ्हाईक मात्र त्याच्यासमोर एकटे असते, घाईत असते आणि दोन रुपयांसाठी तोंड वाजवायला संकोचत असते. विकणारा हिशेब हजारोंचा करतो, घेणारा आपल्या एकट्याचा. हे असमान बळ ओळखून दुबळ्या बाजूला आधार देणे, हेच ग्राहक संरक्षण कायद्याचे मूळ प्रयोजन आहे.

हा आधार फार उशिरा मिळाला. १९३० चा वस्तुविक्री कायदा मुळात ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ या तत्त्वावर उभा होता. त्याला अपवाद होते, पण दाद मागायची तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे, वकील लावणे आणि वर्षानुवर्षे थांबणे आले. आठवडी बाजारात मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन पारखता येत होती, तोवर हे तत्त्व खपून गेले. पण बंद डब्यातले तेल, प्रेशर कुकरची शिटी, विमा पॉलिसीच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरे किंवा अजून पायाही न खणलेल्या इमारतीतला सदनिकेचा नकाशा कोणी आणि कसा पारखायचा?

हा प्रश्न महाराष्ट्रात कायद्याच्या कितीतरी आधी विचारला गेला. मुंबईत १९६६ साली काही गृहिणींनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. भेसळ आणि खोटी वजनमापे हे त्यांच्या रोजच्या स्वयंपाकघरातले प्रश्न होते. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस पुढे आयुष्यभर गिऱ्हाइकाला संघटित करत राहिला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करायचे, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल थेट आणि घाऊक घ्यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची रीत. एकट्याला कोणी भाव देत नसेल तर अनेकांनी मिळून भाव ठरवायचा, हा विचार इथल्या मध्यमवर्गीय घरांनी तांदूळ आणि डाळी वाटून घेताना अमलात आणला. ग्राहक चळवळीच्या इतिहासात या कामाला मिळाले त्यापेक्षा कितीतरी मोठे स्थान मिळायला हवे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पुढच्याच वर्षी भारताचा ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्यावर राष्ट्रपतींची मोहर उमटली, म्हणून हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन ठरला. आज लागू आहे तो २०१९ चा नवा कायदा; तो जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्यातला कळीचा शब्दप्रयोग आहे ‘अनुचित व्यापारी प्रथा’. त्याची व्याख्या वाचताना एखाद्या अनुभवी गिऱ्हाइकाने आयुष्यभराच्या तक्रारी लिहून काढल्यासारखे वाटते. जुना माल नवा म्हणून विकणे, चाचणी न करताच ‘अमुक वर्षे टिकेल’ म्हणून सांगणे, किमतीतच वसूल केलेली वस्तू ‘फुकट भेट’ म्हणून देणे, जो माल त्या भावात द्यायचाच नाही त्याची स्वस्त भावात जाहिरात करणे, हे सगळे त्यात येते. २०१९ मध्ये आणखी काही गोष्टींची भर पडली. बिल न देणे ही आता स्वतंत्रपणे अनुचित प्रथा आहे. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती परस्पर दुसऱ्याला देणे हीसुद्धा.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अजूनही असंख्य दुकानांत लटकलेली दिसते. सदोष मालाच्या बाबतीत तिला कायद्याचा आधार नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीच अनुचित प्रथा ठरते. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. घरी नेल्यावर साडीचा रंग आवडला नाही, एवढ्या कारणासाठी हे कलम वापरता येत नाही. रंग गेला, सूत विरले, तर येते.

छोट्या रकमेच्या बाबतीत हा कायदा किती गंभीर आहे, हे कापडी-कागदी पिशव्यांच्या प्रकरणांत दिसले. २०१९ मध्ये चंडीगडच्या एका ग्राहकाने बाटाच्या दुकानातून जोडे घेतले. बिलात पिशवीचे तीन रुपये लावलेले होते आणि त्याच पिशवीवर कंपनीची जाहिरात छापलेली होती. मंचाने तीन रुपये परत करायला सांगितले, मनस्तापाचे तीन हजार, खर्चाचे एक हजार आणि वर पाच हजार रुपये कायदेशीर मदतीच्या खात्यात भरायला लावले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुद्दा आणखी स्पष्ट केला. गिऱ्हाईक सामान निवडून पैसे द्यायच्या रांगेत उभे राहते, तोपर्यंत त्याला पिशवीच्या पैशांबद्दल सांगायचे नाही, घरची पिशवीही आत नेऊ द्यायची नाही आणि ऐनवेळी बिलात रक्कम चढवायची, ही अनुचित प्रथा आहे, असे आयोगाने म्हटले. आक्षेप पिशवीला किंमत लावण्यावर नव्हता. आधी न सांगता माणसाला कोंडीत पकडण्यावर होता.

छापील किमतीचेही तसेच. वेष्टनबंद वस्तू कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त दराने विकणे दुकानदारासाठी गुन्हा आहे आणि त्याची तक्रार राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. एकाच पाण्याच्या बाटलीवर मॉलसाठी वेगळी आणि किराणा दुकानासाठी वेगळी किंमत छापण्याची पद्धत जानेवारी २०१८ पासून बंद झाली. हॉटेलांना मात्र यातून सूट मिळाली आहे. हॉटेलात बसून पाणी पिणारा केवळ बाटली विकत घेत नाही, तिथली सेवाही घेतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि जादा दर घेण्याला मोकळीक दिली. निर्णय आपल्या जागी. पण सेवेच्या नावाखाली पाण्यासारख्या गोष्टीला कितीही किंमत लावू देणे अनेक ग्राहकांना पटत नाही आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही.

शहरातल्या बिलांवरच्या या लढाया महत्त्वाच्या आहेतच, पण ग्राहक या शब्दाचा खरा कस शेतात लागतो. जूनमध्ये पावसाचा अंदाज घेऊन शेतकरी सोयाबीनची पिशवी आणतो, पेरतो आणि आठवडाभरात कळते की उगवणच झाली नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात हजारो शेतकऱ्यांवर ही वेळ आली. दुबार पेरणीचा खर्च, मजुरी आणि निघून गेलेला हंगाम यांची भरपाई कोणी करायची?

आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी याच प्रश्नावर राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध दिलेली लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जानेवारी २०१२ मध्ये निकाल आला. निगमाचे म्हणणे होते की बियाण्यांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून ग्राहक मंचाचा इथे संबंध नाही. शेतकरी पीक विकतो, म्हणून तो व्यापारी झाला, ग्राहक नव्हे. आणि मंचाने बियाणे प्रयोगशाळेत तपासून घेतलेच नाही, तर दोष सिद्ध कसा झाला? हा शेवटचा मुद्दा वरकरणी बिनतोड वाटतो, कारण वस्तूतला दोष डोळ्यांना दिसत नसेल तर ती प्रयोगशाळेत पाठवावी, असे कायदाच सांगतो. न्यायालयाने मात्र शेतकऱ्याची स्थिती पाहिली. बियाणे आणणारा शेतकरी ते सगळे पेरतो. पुढे भांडण होईल म्हणून काही बाजूला काढून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. नमुना असतो तो कंपनीकडे. तिने तो तपासायला का दिला नाही? न्यायालयाने तिन्ही आक्षेप फेटाळले. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे आणि शेताच्या प्रत्यक्ष पाहणीचे अहवाल पुरावा म्हणून धरता येतात, हे त्यातून पक्के झाले.

महाराष्ट्रात अशा वेळी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. तालुकास्तरीय समिती शेतावर येऊन पंचनामा करते. हा पंचनामा पुढे ग्राहक आयोगासमोरचा (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचासमोरचा) सगळ्यात भक्कम कागद ठरतो. कायद्याने सक्ती केलेली नसली तरी पिशवी, तिच्यावरचे लेबल, बिल आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवण्याचा सल्ला कृषी खाते देते तो याचसाठी. कृषी सेवा केंद्रातून पक्के बिल न घेता उधारीवर पिशवी उचलणाऱ्या शेतकऱ्याचे इथेच सर्वांत मोठे नुकसान होते.

घराच्या खरेदीत रक्कम मोठी आणि ग्राहक तितकाच एकटा. करारनामा बिल्डरचा वकील लिहितो, गिऱ्हाईक सही करते. पायोनियर अर्बन या कंपनीच्या प्रकरणातला करार पाहण्यासारखा होता. ग्राहकाने हप्ता उशिरा भरला तर १८ टक्के व्याज. कंपनीने ताबा उशिरा दिला तर तिने द्यायचे ९ टक्के. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा एकतर्फी करार ग्राहकावर बंधनकारक नाही, असे ठरवले. सही केली म्हणजे सगळे मान्य केले, या जुन्या युक्तिवादाला त्यामुळे मोठाच शह बसला. नव्या कायद्यात तर ‘अनुचित करार’ ही वेगळी संकल्पनाच आली. मात्र त्याविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगात न्यावी लागते. महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरा या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचाही मार्ग आहे. नोंदणीकृत करार न करता किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही आणि ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. रेरा असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

हा कायदा सेवांनाही लागू आहे. दवाखाने सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून त्याखाली आहेत. वकील मात्र नाहीत, असे त्याच न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले.

आता बाजार मोबाइलच्या पडद्यावर आला आहे आणि तिथे विक्रेत्याचा चेहराच दिसत नाही. ‘फक्त दोनच शिल्लक’ असे खोटे सांगून घाई करणे, न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे, शेवटच्या पायरीवर नवनवी शुल्के दाखवणे, सदस्यत्व घेणे एका बोटाचे काम पण सोडण्याची वाट सापडू न देणे, अशा तेरा क्लृप्त्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नावानिशी नोंदवून त्यांना मनाई केली. इंग्रजीत त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ऑनलाइन विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे, असा नियम २०२० पासून आहे.

इथे एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीने भागत नाही, कारण फसवणूक एकाच वेळी लाखोंची होते. म्हणून २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केले. ते स्वतःहून चौकशी करू शकते आणि दिशाभूल करणाऱ्या पहिल्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपवरून रिक्षा-दुचाकी मिळवून देणाऱ्या रॅपिडो कंपनीला दहा लाखांचा दंड झाला. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर पन्नास रुपये’ अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात पन्नास ही वरची मर्यादा होती. मिळत होते ते रोख पैसे नव्हते, कंपनीची नाणी होती. तीही दुचाकीच्या फेरीसाठीच वापरता येत आणि सात दिवसांत संपत. जाहिरात पाहून वापर केलेल्या आणि पैसे न मिळालेल्या ग्राहकांना पूर्ण रक्कम द्या, असेही प्राधिकरणाने सांगितले.

लातूर-नांदेडच्या चौकांत गुणवंतांच्या फोटोंचे फलक लावणाऱ्या शिकवणी वर्गांनाही नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. देशात काही मोठ्या वर्गांनी केवळ फुकटच्या मुलाखत मार्गदर्शनाला आलेले यशस्वी उमेदवार ‘आमचे विद्यार्थी’ म्हणून मिरवल्याचे प्राधिकरणाला आढळले होते. आता निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव-फोटो वापरता येत नाही आणि त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम केला होता, तेही सांगावे लागते.

कायदा असा सर्व बाजूंनी वाढला. त्याच्या अंमलबजावणीचे मात्र तसे म्हणता येत नाही. तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणीची गरज असेल तर पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. देशभरच्या आयोगांत पाच लाखांहून अधिक तक्रारी पडून आहेत. समोरच्या पक्षाने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे, त्यापुढे मुदत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये बजावले. तरीही तारखा पडतात, कारण अनेक आयोगांत अध्यक्ष आणि सदस्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. या नेमणुकांच्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आव्हान दिले गेले. लेखी परीक्षा न घेता नेमणुका करण्याचे नियम खंडपीठाने २०२१ मध्ये रद्द केले आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहकांसाठी कायमस्वरूपी न्यायव्यवस्था उभारण्याचा विचार करा, असे केंद्राला सांगितले.

याहून क्लेशदायक गोष्ट पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणातून पुढे आली. जुन्या कायद्यातल्या एका दुरुस्तीमुळे २००३ पासून अंमलबजावणीच्या कलमाची शब्दरचना अशी झाली होती की अंतरिम आदेशांची अंमलबजावणी करता येत होती, पण अंतिम आदेशांचा तिथे उल्लेखच राहिला नाही. म्हणजे खटला जिंकलेल्या ग्राहकाच्या हातातला निकाल वसुलीच्या वेळी लंगडा पडे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चूक दुरुस्त केली आणि २००३ ते २०२० या काळातल्या आदेशांसाठी ते कलम ‘कोणत्याही आदेशाला’ लागू आहे असे वाचावे, असे सांगितले. सतरा वर्षे देशातल्या ग्राहकांनी मसुद्यातल्या एका चुकीची किंमत मोजली आणि संसदेला ती दिसली नाही. हा दोष अक्षम्य आहे.

तरीही तक्रार करायलाच हवी आणि ती करणे वाटते तितके अवघड नाही. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनने करता येते. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर विक्रेत्याला लेखी पत्र पाठवून जिल्हा आयोगाकडे जावे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि वकील लावणे सक्तीचे नाही. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तर विक्रेत्याला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे केवळ दमवण्यासाठी वरच्या पायरीवर नेणे त्याला सोपे राहत नाही. तक्रार करण्याची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. दुकानदाराच्या ‘बघू, करू’वर विसंबून ती हातची घालवू नये. आणि तीच अडचण शेजाऱ्यांची, गावातल्या इतर शेतकऱ्यांची किंवा त्याच इमारतीतल्या इतर सदनिकाधारकांची असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते. एकट्याने लढण्यापेक्षा तो मार्ग निश्चितच चांगला.

तेव्हा बिल मागा, ते जपून ठेवा आणि फसवणूक झाली तर गप्प बसू नका. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबद्दलच्या तक्रारीला आयोगात एक रुपयाही शुल्क लागत नाही.